हात लावायच्या आधी बोला

राज्य नवीन झालं, तसं भोपाळचं आमचं ऑफिस रायपूरला आलं आणि त्याच्यामागोमाग मीही. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाबांना वर्ध्याहून बोलावून घेतलं. आईला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मुळातच मोजकं बोलणारे. आई दोघांच्या वाटचं बोलायची, म्हणून ते कधी जाणवलं नव्हतं. आता मी ऑफिसातून घरी आले की ते आत आहेत की बाहेर गेलेत, हेही कळायचं नाही. काही विचारलं तर नुसती मान हलवायचे.

शेजारच्या दीदी शाळेत शिकवायच्या आणि रस्त्यावरची दुखावलेली जनावरं घरी आणायच्या. एका रविवारी त्या ओढणीत गुंडाळलेलं मांजरीचं पिल्लू घेऊन आल्या. भनपुरीत, ट्रक उभे राहतात तिथे, ताडपत्र्यांच्या ढिगात सापडलेलं. दोन्ही डोळे पू होऊन कामातून गेले होते. डॉक्टरांनी ते काढून पापण्या शिवून टाकल्या होत्या.

"मेरे यहाँ दो कुत्ते हैं, इसे कैसे रखूँ?" दीदी म्हणाल्या. "आपके बाबूजी तो दिनभर घर में रहते हैं."

बाबांनी पिल्लाकडे एकदा पाहिलं. "मले नाही जमत हे," एवढं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मी तरीही हो म्हटलं. ते पिल्लू माझ्या तळहातावर तोंड घासत होतं. ते परत दीदींच्या हातात देणं मला जमलं नाही, याहून दुसरं कारण नाही.

टाके दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घर का सामान इधर-उधर मत कीजिए. और छूने से पहले बोलिए, नहीं तो डर जाएगी."

मी हे घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मनगटावर ओरखडे दिसले. न बोलता उचलायला गेले असणार. मग ते जवळ जाताना खाकरू लागले. त्याने ती मांजरी आणखीच दचकायची आणि पलंगाखाली जाऊन बसायची. बाबा पलंगापाशी उभे राहायचे, वाटी हातात धरून.

एकदा मी दारात चपला काढत होते, तर आतून बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं, कोणी पाहुणे आलेत.

"मी आहो. दूध ठेवून राहिलो तुह्यासमोर. इकडे नाही, इकडे. हां."

मी तशीच दारात उभी राहिले.

मग ते बोलणं वाढत गेलं. घरातला प्रत्येक आवाज बाबा तिला समजावून सांगू लागले. "काहून घाबरून राहिली? कुकर आहे तो." "स्कूटर होय ते, जाईन आता." लाईट गेली आणि पंखा थांबला की म्हणायचे, "काही नाही झालं, येते थोड्या वेळानं." ती कान टवकारून त्यांच्या आवाजाच्या दिशेने तोंड करायची आणि आवाज असेल तिथे भिंतीच्या कडेकडेने चालत जायची.

उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. बाबांचा. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता.

"काय झालं बाबा?"

"अवं, ते कूलरवर चढली!"

"पडली का?"

"पडन कशी? मी सांगून राहिलो होतो न तिले. आधी स्टुलावर, मंग खिडकीत, मंग वर." मग ती आधी किती वेळा मागे सरली, शेपूट कशी फुगवली, सगळं सांगत राहिले. मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुही आई असती तं लय हासली असती."

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं.

संध्याकाळी जिलेबी घेऊन आधी दीदींकडे गेले आणि तुमचे उपकार कसे फेडू म्हटलं. "अरे, मैं तो आपकी एहसानमंद हूँ," त्या म्हणाल्या, "आपने रख ली." कोणी कोणाचे आभार मानायचे, यावर दारातच बराच वेळ गेला.

त्या रात्री जेवताना बाबांनी आईच्या खूप गोष्टी सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मला ठाऊकच नव्हत्या.