तळव्यांची जबानी

निर्गुडीचा पाला उकळताना सुटणारा वास कडू म्हणावा की तिखट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नाकात शिरतो तेव्हा तो ओल्या रानाचा असतो. घशाशी पोचेपर्यंत औषधाचा होतो. माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या त्या घराच्या ओटीवर मी पहिल्यांदा चढले, तेव्हा आधी तो वास भेटला आणि माणसं नंतर. आत चुलीवर पातेलं खदखदत होतं. त्यातलं फडकं पिळून एक बाई नवऱ्याच्या तळपायांना शेक देत होती. फडकं टेकलं की तो वर कौलांकडे बघायचा, जणू कौलं मोजायची राहिली होती. मार बसून तेव्हा सात महिने होऊन गेले होते.

मी कर्जतला भिसेगावात राहते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, कविता लिहिल्या, आणि शब्द आपलं ऐकतात अशा भ्रमात निवृत्त झाले. त्यानंतर एका डॉक्टरबाईंनी मला गाठलं. कोठडीत मारहाण झालेल्या माणसांवर त्या उपचार करत. लोधिवलीला जुन्या महामार्गालगत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आठवड्यातून एकदा बसत. त्यांच्या पद्धतीत औषधाइतकंच महत्त्व एका कागदाला होतं. ज्याला मारलं त्याने आपली हकिगत सांगायची, दुसऱ्याने ती त्याच्या वतीने 'मी' म्हणून लिहायची, मग त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ती आपलीच आहे असं त्याला वाटेपर्यंत दुरुस्त करत राहायची. शेवटी त्याची सही. एक प्रत त्याच्या घरी, एक मानवी हक्क आयोगाकडे जाणाऱ्या तक्रारीला जोडलेली.

"लिहायचंच काम आहे बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातचा मळ."

मला ते खरं वाटलं.

त्याची हकिगत थोडक्यात अशी. माथेरानच्या एका हॉटेलात तो पाहुण्यांचं सामान वाहायचा. रोज पहाटे पायवाटेने वर, संध्याकाळी खाली. एका पाहुणीची सोन्याची साखळी हरवली आणि खोलीत शेवटी बॅगा घेऊन गेलेला माणूस हा होता. दुसऱ्या दिवशी गावचा पोलीस पाटील, जो त्याचा सख्खा चुलतभाऊ, त्याला घरून घेऊन गेला. "सायबांना फक्त इचारायचंय," असं म्हणून. एका चौकीमागच्या खोलीत त्याला तीन दिवस ठेवलं. कुठल्याही वहीत नोंद नाही, घरी निरोप नाही, न्यायाधीशासमोर उभं करणं नाही. मारलं ते तळपायांवर. तिथे वळ फार काळ राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी एका कागदावर त्याची सही घेऊन सोडलं. मी स्वतःहून आलो, मला कुणी हात लावला नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. साखळी सापडली नाही ती नाहीच.

आता त्याच्या बाजूने बोलणारा दुसरा कागद हवा होता. तक्रार वर्षाच्या आत जायला हवी, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. हाताशी पाच महिने होते.

"तुमी कुनाकडनं?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुणाकडूनच नाही. मी शिकवायचे शाळेत."

"कुनाकडनं तरी असत्यातच सगळी." तिने हात पुढे केला. "फोन द्या."

माझा फोन तिने तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण घट्ट लावलं. पुढे प्रत्येक भेटीत हेच. एकदा तो डब्यातच वाजला. तांदळाच्या पोटातून गुदमरलेली ती धून ऐकून मला हसू आलं. तो मात्र उठून दाराबाहेर गेला होता.

मी येताना चपला वाजवायच्या नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही. त्याच्या मानेकडे पाहून कळलं. तो दाराकडे पाठ करून बसत नसे. वहीवर पेन टेकलं की बोलणं थांबे. पेन उचललं की पुन्हा दोन वाक्यं. म्हणून मी ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन लिहायची.

संशय त्या ओटीवर एकाच बाजूला बसलेला नव्हता, हे मात्र मला सांगायलाच हवं. उत्तरपत्रिका तपासण्यात वय गेलं की डोळ्याला चूक आधी दिसते. एकदा तो म्हणाला, मारणारे दोघं होते. पुढच्या वेळी तिघं झाले. एकदा त्या खोलीला खिडकी होती, एकदा नव्हती. मी वरून मान डोलवायची आणि आतून तांबड्या शाईने रेघ ओढायची. एका दुपारी त्याची बायको चुलीशी वाकली होती. पदर सरकला, आणि माझी नजर तिच्या गळ्याकडे गेली. काळ्या मण्यांची पोत, बाकी काही नाही. मी काय शोधत होते ते माझ्या ध्यानात येण्याआधी तिच्या आलं. तिने पदर ओढून घेतला आणि माझा चहा माझ्यासमोर न ठेवता उंबऱ्यावर ठेवला.

त्या आठवड्यात लोधिवलीला मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "त्याच्या बोलण्यात मेळ नाही."

तो आतल्या खोलीत खुर्चीवर बसून पाण्याने भरलेली बाटली तळपायाखाली पुढे-मागे लोळवत होता. तो व्यायाम त्यांनीच शिकवला होता. फरशीवर बाटलीचा घरंगळता आवाज येत होता.

"मार खाताना माणूस खिडक्या मोजतो का, बाई?" त्यांनी आवाज खाली आणला. "मेळ नसणं हीच खूण असते पुष्कळदा. पाठ केलेली हकिगत सरळ येते."

"आणि साखळी?"

"ती त्याने घेतली की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही."

मला ते उत्तर पळवाटेसारखं वाटलं. कर्जतला परतताना गाडीत मी तेच घोळवत राहिले. निर्दोष माणसाला मारलं, या वाक्यात करुणा किती सहज बसते. त्यातला 'निर्दोष' काढून घेतला तर माझी करुणा उभी राहील का, याची मला खात्री नव्हती.

मग एक दिवस पोलीस पाटील आला. स्वच्छ सदरा, हातात फणस. ओटीवर बसताच त्याने फणस माझ्या वहीजवळ ठेवला.

"काय लिवताय बाई? कविता?" तो हसला. "अरं, बाई कविता करतात म्हनं. तुज्यावर पन एक होऊन जाऊ दे की रं!"

बायको आतून म्हणाली, "भावजी, फनस घरी न्या. आमच्याकडं चिरायला कुनाला येळ नाय."

"वैनी, अजून रागात हाय व्हय? मी काय मारलं का तेला? मी आपला नेऊन सोडला." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, "बाई, तुमी जाल भिसेगावात निघून. याला इथंच रहायचं हाय, माज्या शेजारी. एवढं ध्यानात असू द्या."

त्यात धमकी होती की काळजी, हे मी पुष्कळदा ताडून पाहिलं आहे. त्याचे डोळे खाली होते. मला वाटतं, त्यालाही ठाऊक नसावं. फणस तिथेच राहिला, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने तो न कापता उकिरड्यावर टाकला, हे मला तिनेच अभिमानाने सांगितलं.

माझा मसुदा पुरा झाला तेव्हा वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते. मी तो सुंदर लिहिला होता. हे आज लिहिताना हात अडखळतो, पण खरं आहे. मी त्या लिखाणावर खूश होते. ओटीवर बसून मी वाचू लागले. "माझ्या तळव्यांतून एक काळोख वर चढत गेला, आणि मी माझ्याच देहाच्या उंबऱ्यावर परका होऊन उभा राहिलो."

"थांबा." तो म्हणाला. "ह्ये कोन बोललं?"

"तुम्ही. म्हणजे, तुम्ही जे सांगितलंत ते..."

"मी नाय." तो मला प्रथमच इतकं सलग बोलताना दिसला. "मी सांगितलं, पाय सुजलं आन् वहाना बसंनात. उंबरा कुटनं आला? तिकडं पन असंच. मी एक बोलायचो, ते दुसरं लिवायचे. लई झ्याक वाचून दाखवायचे. मंग म्हनायचे, कर सही."

बायकोने माझ्या हातातून ते सात-आठ कागद घेतले, उलटसुलट पाहिले.

"चुलीला बरं हाय," ती म्हणाली. पण जाळले नाहीत. नीट घडी करून मला परत दिले, आणि ते जास्त लागलं.

त्या दिवशी चढावरून रस्त्यापर्यंत चालत येताना मला माझ्याच पावलांचा आवाज नकोसा झाला. आयुष्यभर ज्याला मी कला म्हणत आले, ते त्या माणसाने दुसऱ्या एका खोलीत, दुसऱ्या हातांनी केलेलं अनुभवलं होतं. मी त्याचं भलं चिंतत होते, एवढाच काय तो फरक. आणि चिंतणं कागदावर दिसत नाही.

पुन्हा गेले ती कोरी वही घेऊन. म्हटलं, आता तुमच्यासमोर लिहिते. एक वाक्य तुम्ही सांगायचं, मी तसंच्या तसं लिहून लगेच वाचायचं, तुम्हाला पटलं तरच दुसरं. त्याने बराच वेळ विचार केला. मग भिंतीशी सरकून, माझं पान त्याला दिसेल असा बसला. त्याला सातवीपर्यंतचं वाचता येत होतं.

काम मुंगीच्या पावलाने चाललं. "मला उताना पाडला." वाचलं. मान हलली. "एक जन पायावर बसला." मान हलली. मारणारे दोघं की तिघं, इथे तो अडला. मी पेन खाली ठेवलं. शेवटी त्याने सांगितलं ते मी लिहिलं, "किती जन हुते ते मला आता सांगता येत नाय. तोंडावर पोतं हुतं." पोत्याबद्दल तो त्याआधी कधीच बोलला नव्हता. माझी तांबडी रेघ ज्या जागेवर ओढली गेली होती, तिथे एक पोतं होतं.

बायको आता दाराशी उभी राहून ऐकायची. एका वाक्यावर ती मध्येच म्हणाली, "अवो, ह्ये मला नव्हतं सांगितलं." तो म्हणाला, "सांगून तू काय करनार हुतीस गं?" ती म्हणाली, "रडले असते. आजून काय?"

याच दिवसांत त्याने खालच्या एका रोपवाटिकेत काम धरलं. बसून पिशव्यांत माती भरायची. माथेरानची पायवाट नको. पण सकाळी कुठेतरी जायचं, संध्याकाळी मातीने माखलेले हात घेऊन परतायचं. बाटली लोळवणं त्याने चालू ठेवलं होतं. पायात आता वहाणा असत, पट्टे सैल केलेल्या.

शेवटच्या दिवशी सगळं मिळून साडेतीन पानं झाली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई ती घेऊन जाणार होत्या. त्यानंतर वर्ष भरायला चार दिवस उरत होते. दुपारची वेळ, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास. मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठेही त्याने थांबवलं नाही. मी पेन पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"तुमास्नी काय वाटतं? साखळी मी घेतली?"

बायको दारात ताठ झाली. अंगणात एक कोंबडी मिरच्यांभोवती फिरत होती, तिला हाकलायचंही कुणाच्या मनात आलं नाही. नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. ते एक गोड वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण मला ते कागद आठवले, घडी करून परत दिलेले.

"वाटायचं," मी म्हटलं. "सुरुवातीला पुष्कळदा वाटायचं. आता कमी वाटतं. पण अजिबात वाटत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल."

बायकोच्या तोंडून श्वास निघाल्याचा आवाज आला. तो माझ्याकडे बघत राहिला. या सगळ्या महिन्यांत त्याने माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"आन् घेतली असती तर?"

"तरीसुद्धा नाही," मी म्हटलं. "घेतली असती तरी तुमच्या पायांना कुणी हात लावायचा नव्हता. खटला भरायचा होता."

त्याने वहाणांतून पाय काढले आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर सपाट टेकवले. मी काय बोलले ते तो मनात पुन्हा वाचून बघत असावा, एकेक शब्द, त्यात कुठे दुसऱ्याचा हात फिरलाय का ते तपासत. मला त्याची पारख करायची होती तेवढे महिने मी केली होती. आता तो माझी करत होता, आणि त्याला लागेल तेवढा वेळ घेण्याचा हक्क होता.

मग त्याने हात पुढे केला.

"द्या."