उडदाचं डोहाळजेवण

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला गॅसचा त्रास झाला आणि सासूबाईंनी गावभर पेढे वाटले.

मी पुण्याची, वरणभातावर वाढलेली. सासर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. तिथं सकाळी कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेली), संध्याकाळी उडदाची डाळ. चव अशी, की मी दोन्ही वेळा मागून घेई. थोड्याच दिवसांत पोट ढोलासारखं फुगलं!

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांनी एकदा मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय वं, गोड बातमी शे का?"

"नाही हो अक्का, गॅस झालाय."

"लाजस का वं!" म्हणत त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. (आता दोघांचं खायचं ना!) पोट आणखी वाढलं. शेजारच्या काकूंनी अंगणातूनच निदान केलं, "जुळं शे!" झालं, पेढे निघाले. आमचे हे धुळ्याला नोकरीला. शनिवारी एसटीतून उतरले, तर लोकांनी स्टँडवरच हार घातला! घरी येऊन दुखावल्या आवाजात म्हणाले, "मला कधी सांगणार होतीस?"

शेवटी तिघंही दोंडाईच्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, पोटावर बोटानं टकटक केली. "गॅस आहे."

अक्कांचा चेहरा असा उतरला, की मलाच अपराधी वाटलं.

"पण पोट रिकामं नाही हं, अक्का," डॉक्टर घाईनं म्हणाले. "आत कोट्यवधी जंतू आहेत. उडदातलं जे आपल्याला पचत नाही, ते त्यांचं जेवण. ते आंबवतात, त्याचा हा गॅस. पण आतड्याला पोसणारे पदार्थही त्यातूनच तयार करतात. सूनबाईंच्या जंतूंना उडदाची सवय नाही. थोडं थोडं खाऊ द्या, होईल."

अक्का डोळे विस्फारून माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. "बठ्ठा जित्ता शेतस?"

"सगळे जिवंत! तुमच्याही पोटात आहेत."

अक्कांनी चटकन आपल्या पोटावर पदर ओढला. परतताना एसटीत तिघांचीही नजर आपापल्या पोटावर. एवढी वस्ती आत रात्रंदिवस राबतेय आणि आपल्याला पत्ताच नाही! मी तर खड्डा आला, की पोट दोन्ही हातांनी सांभाळत होते.

काकू दारातच उभ्या. "काय सांगं डॉक्टरनी? जुळं ना?"

"करोडो शेतस!" अक्का ताठ मानेनं म्हणाल्या.

उन्हाळ्यापर्यंत मला कळणं, डाळ, सगळं बिनबोभाट पचू लागलं. मग माहेरी गेले. आईनं चार दिवस मऊ भात भरवला आणि पोटानं संप पुकारला.

"माहेर मानवत नाही का गं आता?" आईचे डोळे भरले.

मला मानवत होतं हो! पण माझ्याच पोटात बहुमत माझं नव्हतं.