मामांची पिशवी

झुपकेदार मिशांच्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, मी सांगितलं, "मामा, तुमच्या पिशवीला सूज आलीय. आत पाणी साचलंय."

कळंबला दवाखाना टाकून मला वीस वर्षं झालीत. आमच्याकडं पिशवी म्हणजे बाईचं गर्भाशय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण समोर मामांच्या हृदयाच्या एकोची स्क्रीन होती आणि माझ्यातला मास्तर जागा झाला होता.

हृदयाभोवती पातळ दुपदरी आवरण असतं, पेरिकार्डियम; त्यालाच मी पिशवी म्हणालो होतो. त्यात चमचाभर पाणी असतंच. सूज आली की छातीत दुखतं; आडवं झालं की जास्त, पुढं वाकलं की कमी. मामा येरमाळ्याकडचे मेंढपाळ. आठ दिवस काठीवर हनुवटी टेकून बसल्या बसल्या झोपत होते. पाणी फार वाढलं की हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. मामांचं बीपी उतरायला लागलं होतं.

"मला पिशवी?" मामा म्हणाले.

मामींनी कपाळाला हात लावला. "माझी काढली तवा मी काय बोलले न्हाय. आता ह्यांची बी काढता व्हय?"

"पिशवी नाही, नुसतं पाणी काढायचं. सुईनं. लातूरला, आजच."

"म्या बाप्या हाय!" मामा उठले आणि थेट स्टँडकडं निघाले.

मी मागं, गळ्यात स्टेथोस्कोप. धाप लागून मामा तीनदा थांबले, तरी माझा हात झटकून येरमाळ्याच्या गाडीत चढलेच.

"मामा, उतरा. घरी गेलात तर जिवावर बेतंल."

"काय झालंय?" कंडक्टरनं विचारलं.

"पिशवीत पाणी," मी बोलून गेलो.

अख्खी एसटी मामांकडं वळून बघायला लागली. मागच्या सीटवरच्या आजींनी काळजीनं विचारलं, "कितवा म्हैना?"

मामांनी लाजून घोंगड्याची खोळ डोक्यावर ओढली. आणि माझी ट्यूब पेटली.

"मामा, हीच! काळजाला अशीच खोळ असते. ती आतून पाण्यानं फुगलीय. काळीज गुदमरतंय."

मामांनी खोळ चाचपली. "खोळ व्हय? मग आधी तोंडाला काय झालतं?"

उतरले. १०८ची गाडी बोलावली. लातूरला सुईनं पाणी काढलं, तपासणीत टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

महिन्यानं मामा मामींना घेऊन, आडवं झोपायला लागल्याचं सांगायला आले. मी मामींना म्हणालो, "निदान मात्र माझं बरोबर होतं."

"व्हय की," मामी म्हणाल्या. "फकस्त तोंड उघडायच्या आधी मिशा बघत जावा."