मावशीचा सूड आणि पहिलं क्रियापद

माझी धाकटी मावशी टेस्टिंग शिकवते. म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर मुद्दाम मोडून कसं बघायचं, ते. मोडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, आणि डूख धरण्यातही.

चष्म्यांच्या दुकानावरच्या खोलीत तिचा वर्ग भरतो. हजेरी मी घेते, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. तिच्या अभ्यासक्रमात प्रत्येक धड्याच्या डोक्यावर एक क्रियापद असतं. आठवा. समजावून सांगा. वापरा. चिरफाड करा. परीक्षेतला प्रश्न त्या क्रियापदाइतकाच खोल जातो. "धड्याआधी क्रियापद वाचा रे," हे तिचं पालुपद.

यंदा पहिल्या बाकावर येऊन बसला तिचा जुना साहेब. मावशीने सॉफ्टवेअरमध्ये शोधलेली मोठी चूक यानेच स्वतःच्या नावावर खपवली होती, आणि ती भांडली तेव्हा 'हिला काम जमत नाही' म्हणून तिला घरी बसवलं होतं. आता त्याच्याच कंपनीने फर्मान काढलं होतं: टेस्टिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर खुर्ची सोडा.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"साळसूद मेला," मावशी माझ्या कानाशी पुटपुटली.

मला वाटलं, ही त्याला हाकलणार. उलट तिने त्याला गोंजारलं. बाकीच्यांना ती 'वापरा'चे प्रश्न टाकायची. "अठरा ते साठ वय घेणारा फॉर्म आहे. कोणते आकडे टाकून बघशील? सतरा का नाही?" उत्तर चुकलं की सालटी काढायची. साहेबाला मात्र नुसती व्याख्या विचारायची. तो घडाघडा म्हणायचा. "वा, साहेब!" टाळ्या. स्वारी फुगत गेली.

"मावशी, हा आपटणार गं."

"आपटू दे. तोंडावर आपटू दे."

खरं सांगते, मलाही मजा येत होती.

आपटलाच. पेपरात निम्म्याहून जास्त प्रश्न 'वापरा'चे निघाले. खुर्ची गेली. निकालानंतर तो वर्गात आला तेव्हा शर्टाला इस्त्रीसुद्धा नव्हती.

"मॅडम, सगळ्यांना घासून घेतलंत, मलाच तेवढं सोडलंत. माझं काय चुकलं?"

या प्रश्नासाठी मावशी इतकी वर्षं टपून बसली होती.

"आठवा," ती म्हणाली.

तो बाकावर टेकला आणि खरोखरच आठवू लागला. शेवटी चाचरत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही फळा पुसायला सांगितलंत आणि मी उठलो नाही... त्याचा राग आला का?"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. तो साळसूदपणा करत नव्हता. त्याला ती आठवतच नव्हती.

"हो, त्याचाच," ती म्हणाली, आणि दार उघडून उभी राहिली.

तो खाली मान घालून गेला. मी तिच्यावर उखडले. "अगं, सांगून टाकायचंस की!"

"कशाला? माफी मागून मोकळा झाला असता."