शनिवारचा भविष्याचा तास

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. स्टाफरूमच्या कोपऱ्यात छत्र्या साठतात तसे ते साठत जातात. कुठली कुणाची ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत. गेल्या वर्षी मात्र आमच्याकडे ढीगच झाला, कारण गेल्या वर्षी आम्ही मुलांना भविष्यासाठी तयार करत होतो.

आमची शाळा रेवदंड्याच्या खाडीलगतची, पाचवी ते दहावी. नाक्यावर इंग्लिश मीडियमची पिवळी बस यायला लागली आणि आमचा पट उतरायला लागला. आणखी उतरला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. आणि सगळ्यात ज्युनियर मी! अठरा वर्षं नोकरी करून ज्युनियर! बायकोची नोकरी इथे, आईचे डॉक्टर इथे, आणि माझं समायोजन पालीच्याही पलीकडे कुठेतरी होणार, असं सगळे मला अगदी खात्रीने सांगायचे.

सगळ्यांचा डोळा रंजनाताईंच्या घराकडे. रंजनाताई मासळी विकतात. घरात शाळेत जाणारी चार मुलं, दोन त्यांची, दोन दिराची, आणि चौघंही आमच्याकडे. "बसवाले त्यांच्या घरी दोनदा जाऊन आलेत," असं आमच्या मुख्याध्यापिका ठाकूर बाईंनी सांगितलं. ती चौघं बसमध्ये चढली की मी गेलोच.

त्यातच शिबिराचं पत्र आलं. विषय : 'अनिश्चित भविष्यासाठी विद्यार्थी घडवणे'.

*

शिबिर अलिबागला होतं. मार्गदर्शक पुण्याचे, बूट चकाचक, कानाशी माईक. "जग बदलतंय! उद्या काय होईल हे कुणालाच माहीत नाही! मुलांना अडचणीतून वाट काढता आली पाहिजे!" आम्ही सगळे भारावून वहीत उतरवून घेत होतो.

पडद्यावर स्लाईड आली : 'अनपेक्षित परिस्थितीत मार्ग काढणे'. आणि लाईट गेली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तोंडी सांगा ना."

"तोंडी नाही हो जमायचं. सगळं स्लाईडमध्येच आहे."

लाईट आली चार वाजता, म्हणजे शिबिर संपायच्या वेळेला. तरी प्रमाणपत्र मिळालं. अनपेक्षित परिस्थितीत मार्ग काढण्याचं कौशल्य मी संपादन केलंय, असं त्यावर छापलेलं आहे.

*

परत आल्यावर ठाकूर बाईंनी जाहीर केलं, "दर शनिवारी भविष्याचा तास. पालकांना कळू दे, आपणही काही कमी नाही! आणि तास घ्यायचा सरांनी."

"मी? मला तर भूगोलाशिवाय काही येत नाही."

"तुमचंच भविष्य टांगणीला लागलंय ना? तुम्ही मनापासून घ्याल."

*

पहिल्या शनिवारी मी पुस्तिकेतला उपक्रम घेतला. गट करायचे, प्रसंग द्यायचा, मुलं विचार करतात. पुस्तिकेतला प्रसंग होता लिफ्टमध्ये अडकल्याचा. आमच्या गावात लिफ्ट नाही, म्हणून मी माझ्या डोक्याने बदल केला. फळ्यावर लिहिलं : 'भर समुद्रात होडीचं इंजिन बंद पडलं आहे. तुम्ही काय कराल?'

दहा मिनिटं चर्चा झाली. मग आठवीतला यश उभा राहिला. "सर, नांगर टाकायचा आन् जेवून घ्यायचं."

"जेवून?"

"व्हय सर. उपाशी पोटी कायपण वाईट सुचतं."

मी म्हटलं, "अरे, इंजिनाचं काय?" तर सगळा वर्ग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. "सर, ते जेवल्यावर बघायचं ना!"

मूल्यमापनाच्या तक्त्यात चार रकाने होते : चिकित्सक विचार, सर्जनशीलता, संवाद, सहकार्य. जेवण कुठल्या रकान्यात बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी 'सहकार्य'वर टिक केली.

*

एका कंपनीने शाळेला रोबोट बनवायचा संच भेट दिला. मुलं नुसती नाचली! ठाकूर बाईंनी तो डेडस्टॉक रजिस्टरला चढवला, लोखंडी कपाटात ठेवला आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"बाई, मुलांना देऊ या ना."

"मोडतील."

"मोडून जोडायलाच असतो तो!"

"आणि तपासणीचे साहेब बघायला आले म्हणजे? काय दाखवू? मोडलेला?"

सहा महिन्यांनी साहेब खरंच आले. बाईंनी मोठ्या अभिमानाने कपाट उघडलं, खोका उघडला. आमच्या खाऱ्या हवेने आपलं काम केलं होतं. सेल फुटून पाणी सुटलेलं, स्क्रू गंजलेले, वायरींची टोकं हिरवीगार. बाईंनी डोळे मिटले.

साहेबांनी एक गंजकं चाक उचलून नीट न्याहाळलं आणि शेरेबुकात लिहिलं, 'रोबोट संचाचा विद्यार्थ्यांनी भरपूर वापर केल्याचे दिसून येते. मुख्याध्यापिकांचे अभिनंदन.'

*

नववीतल्या प्राचीने 'माझे बाबा' हा निबंध लिहिला. काय निबंध! बाबा पहाटे होडी लोटतात, बाबांच्या हाताला जाळ्याचे वळ, बाबा परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो. माझे डोळे भरून आले. आणि मग आठवलं, हिचे बाबा रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतात. मी दर गुरुवारी त्यांच्याच रिक्षात बसतो!

"प्राची, हे काय?"

"सर, मोबाईलमधल्या एआयला सांगितलं. मी फक्त गावाचं नाव टाकलं. बाकी त्यालाच वाटलं."

मी तिच्या बाबांना बोलावून घेतलं. त्यांनी निबंध दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "खोटं हाय सर सगळं. पण एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिवलं न्हवतं." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि निघून गेले. निबंध तपासायचा राहिला तो राहिलाच. रागवायचं होतं, पण कुणावर?

*

मग आम्ही 'कामाची ओळख' ठेवली. पालकांनी यायचं, आपलं काम मुलांना सांगायचं. तिघं आले. एका नाखवांनी, म्हणजे होडीच्या मालकांनी, वाऱ्याबद्दल असं सांगितलं की मुलं बाकावर पुढे सरकून बसली. ट्रकवाल्या पाटलांनी न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर ट्रकांच्या रांगेत स्वयंपाक कसा करतात ते सांगितलं. होम-स्टे चालवणाऱ्या एका ताईंनी पाहुण्यांच्या तऱ्हा सांगून सगळ्यांना हसवलं.

आणि तिघांनीही शेवट एकाच वाक्याने केला. "पण माझ्या पोरांनी हे करू नये."

ठाकूर बाई जरा कावऱ्याबावऱ्या झाल्या. प्रसंग सावरायला म्हणाल्या, "आता आपले सर शिक्षकाच्या कामाबद्दल सांगतील." मी उठलो. मुलं सांभाळण्यातली मजा सांगितली, खडूची धूळ सांगितली. मनापासून सांगितली, कारण हे काम मला खरंच आवडतं. मग शेवटच्या वाक्याला आलो आणि अडकलो. माझी मुलगी चौथीत आहे, शिक्षिका व्हायचं म्हणते. मुलं वाट बघत होती.

"वेळ संपली," मी म्हटलं. तास संपायला वीस मिनिटं होती.

*

एप्रिलमधली पालक सभा. रंजनाताई टोपली बाहेर ठेवून आत आल्या आणि पहिल्याच बाकावर बसल्या. ठाकूर बाईंनी भविष्याच्या तासाचं इतकं वर्णन केलं की तो तास घेणारा कोण, असा मलाच प्रश्न पडला.

बाई थांबल्यावर रंजनाताई माझ्याकडे वळल्या. "सर, भविष्याचा तास तुमीच घेता ना? मग तुमीच सांगा. पोरांना हितं ठेवू का बसमदी बसवू?"

मला काय काय बोलता आलं असतं! बाई डोळ्यांनी मला ढकलत होत्या. पण बोललो ते एवढंच, "ताई, खरं सांगू? मला नाही माहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"बसवाल्यांना पण इचारलं मी," रंजनाताई म्हणाल्या. "त्यांना सगळं म्हायती हाय म्हणे." त्यांनी पदराखालून कागद काढून टेबलावर ठेवले. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे अर्ज होते ते. मी मोजले. दोनच.

"दोन तिकडं, दोन हितं," त्या म्हणाल्या.

ठाकूर बाईंनी ताबडतोब पट मोजायला घेतला. दोन मुलं गेल्यावर मी अतिरिक्त ठरतो की नाही, हे त्यांनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. मला मात्र राहवेना. मी रंजनाताईंच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो.

"ताई, हे काय भलतंच? एक तर आमच्यावर भरवसा ठेवा, नाहीतर त्यांच्यावर ठेवा. एका घरातली मुलं अशी वाटतात का कुणी?"

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली.

"सर, आमच्यात घरातले सगळे भाऊ एका होडीत धाडत न्हायत."