भामरागडच्या रस्त्याचं भाडं

आलापल्लीहून भामरागडकडे ट्रकने माल न्यायचा तर भाडं तिप्पट का, असं कुणी विचारलं की आमच्या स्टँडवर एकच उत्तर मिळायचं. रस्ता खराब, जंगल दाट आणि तिकडची गिऱ्हाइकं शब्दाला कच्ची. शेवटच्या कारणाला दाखला म्हणून एका आश्रमशाळेच्या मास्तरांची गोष्ट सांगितली जायची. ठरलेलं भाडं त्यांनी वाटेत पाडून मागितलं, म्हणून ट्रकवाल्याने माल अर्ध्या रस्त्यात उतरवला आणि गाडी परत आणली. तो ट्रकवाला मी. ती गोष्ट पसरवणाराही मीच, आणि ती खोटी आहे. मास्तर आता हयात नाहीत. माझ्यासोबत गाडीवर असलेला साळाही गेला. खरं काय घडलं ते ठाऊक असणारा मी एकटा उरलो आहे.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी मूळचा कोरपन्याकडचा, कापूसवाल्या घरातला. आमच्याकडे सिमेंटच्या कारखान्यांची कामं होती, पण तिथे दहा-दहा गाड्या बाळगणाऱ्यांच्या रांगेत एका जुन्या ट्रकच्या मालकाला कोण विचारतो? म्हणून मी आलापल्लीला आलो. ट्रक घेताना बायकोचे दागिने मोडले होते आणि थोरल्या भावाचा पैसा घातला होता. गाडी मीच चालवायचो, साळा क्लीनर. माल जवळपासचाच असे: विटा, छपराचे कवेलू, धान, लग्नाची भांडी, बदली झालेल्या साहेबाचं सामान.

भाडं ठरायचं ते मोहाच्या झाडाखाली, उभ्या उभ्या. डिझेल किती जाळेल हे ज्याला त्याला पाठ होतं. परतीला माल मिळेल की गाडी रिकामी येईल, यावर निम्मा हिशेब फिरायचा. अहेरीची परत नक्की असे, एटापल्लीची नसे. रस्त्यात किती ठिकाणी चहापाणी द्यावं लागेल तेही मनात धरायचं, तोंडाने म्हणायचं नाही. आणि एक रीत होती. स्टँडवर रिकामी गाडी उभी असताना गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. त्याने धंद्याची बरकत जाते, असं सगळे मानत. मी नवीन असताना स्टँडवरच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरने, ज्यांना आम्ही काकाजी म्हणत असू, मला ही रीत शिकवली होती.

"नाई म्हणाचं नाई, बापू," ते म्हणाले. "जायाचं नसन तं भाडं असं सांगाचं का गिऱ्हाईक सोताच हासत निघून गेलं पायजे."

याला आम्ही हाकलायचं भाडं म्हणायचो. ते प्रत्येक जण कधीतरी सांगायचा. कुणाला घरी पाहुणे असत, कुणाचा टायर घासलेला असे. मी मात्र एकाच रस्त्याला सांगायचो. भामरागडच्या.

त्या रस्त्यावर मी एक जळालेला ट्रक पाहिला होता. बांबूच्या ठेकेदाराचा. कुणी म्हणे जंगलातल्या दादा लोकांनी, म्हणजे नक्षल्यांनी, पेटवला, कुणी म्हणे वायरिंगने पेट घेतला. नुसता सांगाडा उरला होता. सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, आणि स्टेअरिंगची लोखंडी कडी तेवढी जागच्या जागी. मी गाडीतून न उतरता तो पाहिला, आणि त्यानंतर त्या रस्त्याचं नाव कुणी काढलं की माझे तळहात ओले व्हायचे. हे मी कुणाला बोललो नाही. तिप्पट भाडं सांगतो म्हणून लोक मला लालची समजत. ते मला चालत होतं. स्टँडवर लालची माणसाला मान असतो, भित्र्याला नसतो.

मास्तर आले ते पावसाळ्यातल्या उघाडीत. दोन आठवडे भामरागडचा रस्ता पाण्याने तुटलेला होता, मग ऊन पडलं आणि रपट्यांवरचं पाणी उतरलं. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पाणी वाढलं की पाण्याखाली जाणारा. मास्तर सिंदेवाहीकडचे, चाळिशीचे, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. "जय भीम, भाऊ. गाडी खाली हाय का?"

"खाली हाय. कुठी जायाचं?"

"शाळेवर. भामरागडच्या अल्याड. गोदामातून तांदूळ उचलाचा अन् मीठ."

मी हाकलायचं भाडं सांगितलं. एटापल्लीला घेत होतो त्याच्या तिप्पट. साळा टायर बघायच्या निमित्ताने हसू लपवायला खाली वाकला.

मास्तर हसले नाहीत. "यात हमाली धरली का?" त्यांनी विचारलं.

निघून जाणारा माणूस हमालीची चौकशी करत नाही.

"हमाली वेगळी," मी म्हणालो.

"बरं. पोरं आंबिलीवर दिवस काढून राह्यले. उघाड हाय तवर पोचलं पायजे. उद्या सकाळी भरू."

काकाजी चहाची बशी तोंडाजवळ थांबवून म्हणाले, "मास्तर, थोडं तरी कमी कराले सांगा. नाई तं गाडीवाल्याले वाटते, आपनच कमी मांगलं."

"कमी कराले टाइम नाई, काकाजी," मास्तर म्हणाले आणि गोदामाकडे गेले.

एवढं भाडं शाळेकडून मिळणार नव्हतं. शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी मिळून आपापल्या पगारातून ते जमवलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी पोती भरताना कळलं. सांगितलेलं भाडं मागे घेता येत नाही, हीही रीत होती. मी सकाळपर्यंत पावसाची वाट पाहिली. लख्ख ऊन पडलं.

केबिनमध्ये मास्तर मध्ये बसले, साळा खिडकीशी. मास्तर बोलत होते. कुठल्या मुलीला पाढे भराभर येतात, कुणा एकीला अजून मराठी समजत नाही आणि ते स्वतः तिच्याकडून तिच्या भाषेतले, माडिया शब्द कसे शिकतात. माझं लक्ष दोन्ही बाजूंच्या सागाकडे होतं. पानं एवढी मोठी झालेली की दहा हातांवर कोण उभं आहे ते दिसू नये. एका वळणावर माणूस हात दाखवत उभा होता. मी गाडी न थांबवता पुढे काढली.

"आपल्याच शाळेजवळचा होता तो," मास्तर म्हणाले.

"आज भाऊजीले घाई हाय," साळा म्हणाला. "एरवी आमची गाडी बकरीले पाहून बी थांबते."

मास्तर हसले. मी हसलो नाही. जळक्या ट्रकची जागा आली तेव्हा मी नजर समोर ठेवली, तरी उजव्या बाजूला ती आहे हे मला मानेत जाणवत होतं.

ताडगाव गेलं. मग तो रपटा आला. मी उतारावर गाडी थांबवली. रपट्यावरून पाणी वाहत होतं, पण तळाचा दगड दिसत होता. मास्तर खाली उतरले, चप्पल हातात घेऊन पलीकडे चालत गेले आणि परत आले. पाणी त्यांच्या पोटरीपर्यंतही नव्हतं.

"या, भाऊ. खाली गोटा पक्का हाय."

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून चार माणसं बाहेर आली. खांद्यांवर कुऱ्हाडी. ती कोण आहेत हे मला ठाऊक होतं. मास्तरांनी वाटेतच सांगितलं होतं, चाक फसलं तर फांद्या तोडून घालायला शाळेवरची माणसं येतील म्हणून. मी ते ऐकलं होतं. तरीही त्यांना पाहिल्यावर माझा पाय क्लचवरून उचलेना. मला वाटलं, एकदा पलीकडे गेलो की मागे पाणी, पुढे जंगल, आणि गाडी आपली राहणार नाही. भावाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी खिडकीतून ओरडलो.

"मास्तर, ब्रेक धरून नाई राह्यलं. मी गाडी उताराले घालत नाई. माल इथीच उतरवा."

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच ब्रेकवर आम्ही त्या उतारावर उभे होतो.

मास्तरांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग गाडी खाली करून हळूहळू पल्याड काढा. पोते आम्ही डोक्शावर आणतो. शाळा अजून दोन कोस हाय, भाऊ."

"नाई जमत."

त्यांनी पलीकडे हात केला. पलीकडची माणसं पाण्यातून आली, त्यांनी पोती उतरवली. रस्त्याच्या कडेला सागाची पानं अंथरून त्यावर थप्पी लावली. माझी ताडपत्री मी गुंडाळून परत गाडीत टाकली. ती नवी होती. मास्तरांनी खिशातून रुमालात बांधलेलं भाडं काढलं आणि पूर्ण दिलं. मी घेतलं. "ब्रेक दाखवून घ्या," ते म्हणाले, "उतरणीचा रस्ता हाय तुमचा." त्यांनी ते मनापासून म्हटलं की कसं, हे मला आजही सांगता येत नाही.

आलापल्ली यायच्या आतच आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू झाला.

स्टँडवर काकाजींनी विचारलं, "काऊन रे, एवढ्या लवकर?"

मी म्हणालो, "मास्तरानं वाटेत भाडं पाडून मांगलं. दिलं सामान उतरवून."

"अन् भाडं?"

"पुरं वसूल केलं."

काकाजींनी मांडीवर थाप मारली. सगळे हसले. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला. साळा गाडी धुवायला निघून गेला. त्या दिवसापासून भामरागडच्या रस्त्याचं भाडं तेच झालं. कुणी ते ठरवलं नाही. एकाला मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं पाहिजे, एवढाच स्टँडचा कायदा. माझ्याआधी त्या रस्त्याला एटापल्लीपेक्षा थोडं जास्त घेत, फार तर सवाई. वर आता गाडी भरायच्या आधीच पूर्ण पैसे मागू लागले, कारण तिकडची गिऱ्हाइकं शब्द फिरवतात.

चार-पाच दिवसांनी जंगल खात्याचा एक गार्ड चहाच्या टपरीवर सांगत होता. पाणी चढायच्या आत निम्मा तांदूळ पलीकडे गेला. उरलेला भिजून आंबला. मीठ तर थप्पीतच विरघळलं, रस्त्याच्या कडेची माती पांढरी झाली होती. शाळेने मुलांना घरी पाठवून दिलं. लहान मुलं भर पावसात, मोठ्यांच्या मागे, नाले चुकवत आपापल्या गावांना चालत गेली. सगळी पोचली. मी ते दोनदा विचारून घेतलं. पण दिवाळीनंतर बऱ्याच मुली परत आल्या नाहीत. घरच्यांनी म्हटलं, तिथे खायला नसतं. पाढे भराभर म्हणणारी त्यांत होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मास्तर पुन्हा आले ते हिवाळ्यात. स्टँडवर तीन गाड्या रिकाम्या होत्या, माझीही. तिघांनी तेच भाडं सांगितलं, आधी पैसे द्या म्हणून सांगितलं. मी नुसती होकाराची मान हलवली. काकाजी त्यांना सर्वांदेखत म्हणाले, "मास्तर, या वेळी रस्त्यात गोष्ट बदलू नका म्हंजे झालं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता ते खरं सांगतील म्हणून वाट पाहत होतो, आणि सांगू नयेत म्हणूनही. त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, "नाई परवडत, काकाजी," आणि एसटीच्या थांब्याकडे गेले. तिथे मिठाचं एक पोतं ठेवलेलं होतं. एका फेरीला एक पोतं, असं ते नेणार होते. बस आली. कंडक्टर टपावर चढला, पण पोतं वर देणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी वळून हाक दिली, "भाऊ, जरा हात लावता का?"

मी गेलो. दोघांनी पोतं उचलून वर दिलं. त्या वेळी त्यांच्या कानाशी एवढंच म्हणायचं होतं: गोदामातलं सगळं मीठ माझ्या गाडीत टाका, एटापल्लीच्या भाड्याने नेतो. रस्ता कोरडा होता, जंगल पानगळीने उघडं पडलं होतं. जंगलाची मला त्या दिवशी भीती वाटली नाही. काकाजी झाडाखालून बघत होते. त्यांची वाटली. भाडं कमी करायचं तर ते वाढलं कसं हे सांगावं लागलं असतं.

मास्तरांनी लगेजचं तिकीट काढलं, बसमध्ये चढले आणि बस भामरागडकडे निघून गेली. मी झाडाखाली जाऊन बसलो. काकाजींनी विचारलं, "का म्हणे मास्तर?"

"काई नाई," मी म्हणालो.