रव्याचे अनारसे

दोह्यात खसखस मिळत नाही, आणि गावाहून आणताही येत नाही. अफूच्याच बोंडातलं ते बी. विमानतळावर सामानात सापडलं तर ते वाटणासाठी आहे की आणखी कशासाठी, हे कुणी ऐकून घेत नाही. हे आम्हा मराठी बायकांना पहिल्याच वर्षी कळलेलं असे. नवी कुणी आली की हळदीकुंकवालाच तिच्या कानावर घातलं जाई, भाजणी आण, मेतकूट आण, लोणचं आण, खसखस तेवढी आणू नकोस. दिवाळीत अनारसे थापायची वेळ आली की मग प्रत्येकीने आपापली तोड काढलेली असे. कुणी तीळ लावी. मी बारीक रवा लावत असे, किंचित भाजून गार केलेला. तुपातून निघाला की तो थेट खसखशीसारखा दिसे. फरक फक्त जिभेला कळे. खसखस दाताखाली हलकेच फुटते आणि तिचा स्निग्धपणा मागे राहतो. रवा नुसता कुरकुरतो आणि घशाशी कोरडा रेंगाळतो.

घरातल्या पुरुषांना हा फरक कधी जाणवला नाही. अनारशाला खसखस असते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा निरखून पाहत नाही. मीही कधी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

फुटबॉलचा विश्वचषक अजून चार वर्षं दूर होता. आम्ही दोह्याशेजारच्या अल वक्राला राहत होतो. बाल्कनीत उभं राहिलं की एका बाजूला समुद्राची फिकट रेघ आणि दुसऱ्या बाजूला क्रेनच क्रेन. हवेला ओल्या सिमेंटचा वास असे. वाळत घातलेले कपडे दोन तासांत कडक होत आणि घडी घालताना बोटांना पीठ लागल्यासारखी धूळ लागे. माझा धाकटा दीर एका स्टेडियमच्या बांधकामावर होता. क्रेन लोखंडी तुळया उचलून वर नेते, तेव्हा खाली उभं राहून हातांच्या खुणांनी चालकाला दिशा दाखवायची आणि ओझ्याखाली एकही माणूस येणार नाही हे पाहायचं, हे त्याचं काम. आमच्या लग्नात तो दहावीत होता. पंगतीत माझ्या ताटातला लाडू पळवून त्याने मला पहिल्यांदा वहिनी म्हटलं. मी त्याला भावजी म्हणे आणि अरे-तुरे करी. दोह्यात नोकरी लागल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तो आमच्याकडेच राहत होता.

संशय कधी सुरू झाला, हे मला नेमकं सांगता येणार नाही. त्या उन्हाळ्यात तो शिडीवरून घसरला होता आणि पाठ धरली होती. पाठ बरी झाली असं तो म्हणाला, तरी काहीतरी मागे राहिलं. बोलता बोलता तो थांबे आणि वाक्य पुरं करायला विसरे. दंड खाजवत बसे, इतका की त्यावर लाल रेघा उमटत. आमची लेक आठ वर्षांची होती. तिने एकदा जेवताना अगदी सहज सांगितलं, "काका इज स्लीपिंग विथ हिज आइज ओपन." तोही हसला, आम्हीही हसलो. पण मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. संध्याकाळ होती, दिवे लागायचे होते. अशा उजेडात सगळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, काळ्या आणि ओल्या दिसतात. त्याच्या मात्र आकसून ठिपक्याएवढ्या झाल्या होत्या.

"भावजी, डोळ्यांना काय झालंय?"

"साइटवरची धूळ, वहिनी. दिवसभर ऊन आणि धूळ. तू एकदा येऊन बघ, मग कळेल."

एकदा वॉशिंग मशीनच्या जाळीत मला चंदेरी पत्र्याचा एक तुकडा सापडला. गोळ्यांच्या पट्टीतला होता. नावाची बाजू कात्रीने कापून टाकलेली होती, उरली होती ती फक्त मुदतीची तारीख. मी तो त्याच्यापुढे धरला.

"ॲसिडिटीची," तो म्हणाला. "कँटीनचं जेवण तुला माहीत नाही."

ॲसिडिटीच्या गोळीचं नाव कुणी कशाला कापेल? हा प्रश्न मी विचारला नाही. तो तुकडा मसाल्याच्या डब्याखाली ठेवून दिला. का ठेवला, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. रोज कांदा परतताना तो तिथे आहे हे मात्र माझ्या लक्षात असे.

दिवाळी झाली. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सुती कापडावर वाळवून, गुळात मुरवलेलं पीठ त्या वर्षी छान जमलं होतं. एकही अनारसा तुपात हसला नाही, म्हणजे कडेने विरघळून पसरला नाही, आणि जाळी तर अशी पडली की माझं मलाच कौतुक वाटलं. दीर येता-जाता डबा उघडी. भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. एके दिवशी भर दुपारी तो घरी आला. कपाळावर हेल्मेटचा लाल पट्टा तसाच होता. माझा नवराही त्या दिवशी सर्दीमुळे घरीच होता.

"आज लवकर?" मी विचारलं.

"तुझ्या अनारशांनी घात केला, वहिनी," तो सोफ्यावर बसत म्हणाला आणि हसला.

हसत हसतच त्याने सगळं सांगितलं. कंपनीने अचानक तपासणी घेतली होती. त्याच्या लघवीत अफूच्या जातीचं काहीतरी निघालं होतं. क्रेनपासून बाजूला करून त्याला साइटच्या ऑफिसात कागदांपुढे बसवलं होतं.

"खसखस असते ना अनारशांना. नेटवर बघ, खसखस खाल्ली तरी टेस्टमध्ये येतं. मी सेफ्टी मॅनेजरला सांगितलं, चार दिवस डबाभर खातोय. केरळचा आहे, चांगला माणूस आहे. त्यालाही पोलिसांपर्यंत न्यायचं नाहीये. म्हणाला, घरून एक पत्र आण, अमुक पदार्थ करतो, त्यात हे असतं, म्हणून. फाइलला लावतो. खलास. उद्यापासून परत क्रेनवर."

"आणि पत्र नाही नेलं तर?"

"तर पुढच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट."

माझ्या नवऱ्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की त्याला खोकला आला. "हात्तिच्या, एवढंच ना! अगं, चार ओळी लिहून दे. तुझं अक्षरही चांगलं आहे."

मी चहा टाकते म्हणून आत गेले. चहा टाकला नाही. अनारशांचा डबा काढला. तळाशी सहा उरले होते. एक उचलला आणि काळ्या तव्यावर धरून नखाने खरवडला. दाणे तव्यावर सांडले. ती खसखस निघावी, अशी माझी फार इच्छा होती. रवा मीच भाजला होता, मीच चाळला होता, तरीही त्या क्षणी मला वाटलं, माझीच काही चूक झाली असेल, कुणीतरी दिलेली पुडी मी विसरले असेन. खोटी ठरायची माझी तयारी होती. एकेक दाणा मी अंगठ्याच्या नखाखाली दाबला. खसखस चिरडली की नखाला तेलाचा ओलावा लागतो. माझ्या नखाखाली फक्त पांढरं, कोरडं पीठ होत होतं.

बाहेर आले तेव्हा दोघे भाऊ शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांची नक्कल करून हसत होते. लहानपणापासून त्यांचं असंच होतं. संकट टळलं की लगेच नक्कल.

"मी पत्र लिहिणार नाही," मी म्हणाले.

"का?" नवरा.

"खसखस घरात असणं हाच इथे गुन्हा आहे. माझ्या हातचं, माझ्या सहीचं पत्र कुणाच्या फाइलमध्ये मी ठेवणार नाही."

हे बोलणं खरं होतं. खरं कारण मात्र ते नव्हतं. दिराने कारण पुढे केलं होतं, तसंच मीही केलं, आणि ते बिनतोड होतं. नवऱ्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. भावापेक्षा तुला कायदा जवळचा, असं त्या नजरेत होतं. ती नजर मी सोसली. रवा होता असं मी नवऱ्यासमोर म्हटलं असतं, तर त्याच्या मनातल्या धाकट्या भावाचं काय झालं असतं, हे मला दिसत होतं.

शुक्रवारी सुट्टी होती. लेकीला समुद्रावर न्यायचं म्हणून मी दिराला बरोबर घेतलं. जुन्या बाजाराच्या मागे वाळूत लाकडी नावा ओढून ठेवल्या होत्या. ओहोटी होती. ओल्या जाळ्यांचा आणि शेवाळाचा वास येत होता. लेक पुढे शिंपले वेचत होती. मी चालता चालताच म्हणाले, "भावजी, अनारशांना खसखस नव्हती. रवा होता. इथे मी कधीच खसखस लावलेली नाही."

तो थांबला नाही. आठ-दहा पावलं नुसती वाळूची करकर ऐकू आली.

"रवा?" मग तो हसला. "कमाल आहे. मग कँटीनमधला पाव असेल. त्यावर काहीतरी दाणे असतात."

पहिलं कारण मोडून दहा पावलंही झाली नव्हती आणि दुसरं तयार होतं. ते ऐकल्यावर, तो निर्दोष असेल याला माझ्या मनात उरलेली जागाही संपली.

"मशीनमध्ये सापडलेला तो पत्र्याचा तुकडा माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

"ठेव की. ॲसिडिटीवर पुस्तक लिही."

"तू ज्यांच्या डोक्यावरून तुळया नेतोस त्यांच्या घरी कुणी असेल ना, भावजी?"

तो वाकला, एक चपटा दगड उचलला आणि पाण्यावर फेकला. दगड एकदाही न उसळता बुडाला. त्याचा हात इतका सैल कधी नव्हता.

दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी त्याने राजीनामा दिला. आईला बरं नाही, असं कारण लिहिलं. पुढच्याच आठवड्यात तो नाशिकला परतला. तिकडे सासूबाई ठणठणीत होत्या.

घराघरांत एखादी गोष्ट तयार होते आणि मग तीच खरी ठरते. आमच्याकडे तयार झालेली गोष्ट अशी : थोरल्या सुनेच्या अनारशांतल्या खसखशीने धाकट्याची नोकरी घालवली, आणि तिला चार ओळी लिहून द्यायचाही धीर झाला नाही. नवरा ही गोष्ट फोनवर ऐके आणि खोडत नसे. मीही खोडली नाही. वर्षभर ती माझ्याबरोबर राहिली, भरून ठेवलेल्या डब्यासारखी. झाकण मात्र मी उघडत नसे.

पुढच्या दिवाळीला आम्ही नाशिकला गेलो. स्वयंपाकघरात सासूबाई पाटावर बसून अनारसे थापत होत्या आणि मी कढईशी होते. दुपारची वेळ, पण त्या खोलीला खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी, त्यामुळे कोपऱ्यांत अंधारच. त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरलेली होती, राखाडी-पांढरी, हलली की धुरासारखी दिसणारी. दीर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो जाडजूड झाला होता. एका ओळखीच्या ठेकेदाराकडे तो हिशेब आणि हजेरी बघायचा. क्रेनचं काम त्याने पुन्हा धरलं नव्हतं.

"हे घे," गोळा हातात देत सासूबाई मला म्हणाल्या. "आणि जरा बेताने लाव हो खसखस. तुझ्या हाताची सवय माहीत आहे आम्हाला. एकाची नोकरी गेली, आता दुसऱ्याची नको."

मी गोळा घेतला. बोटांना पिठाचा ओलसर, चिकट स्पर्श झाला. उत्तर द्यायचं नाही, हे मी विमानातच ठरवलं होतं.

"आई," दीर म्हणाला. "वहिनीच्या अनारशांना खसखस नव्हती."

"म्हणजे?"

"रवा होता. तिकडे खसखस चालत नाही. वहिनीने मला तेव्हाच सांगितलं होतं."

सासूबाईंचा हात खसखशीवर तसाच राहिला. तूप तापून त्याचा वास बदलू लागला होता. "मग ते टेस्टमध्ये आलं कसं?" त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण शेवटचा शब्द त्यांनी अर्धाच उच्चारला.

"पाठीसाठी गोळ्या घ्यायचो. पाठ दुखायची थांबली. गोळ्या थांबल्या नाहीत. आता नाही घेत."

मी त्याच्याकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं. दोह्यातच माझ्या नजरेला लागलेली ती सवय होती. आधी डोळे, मग चेहरा. त्याच्या ते लक्षात आलं. तो चौकट सोडून आत आला आणि कढईशेजारी, अगदी माझ्यासमोर, खाली वाकून उभा राहिला.

"बघून घे, वहिनी."

त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्याच्या बाहुल्या जशा हव्या तशाच होत्या, मोठ्या आणि काळ्या. त्यांत मला गॅसचा निळा जाळ दिसला. मी मान हलवली. सासूबाईंनी खसखशीचा कागद चारी कडांनी उचलला, दाणे परत बरणीत ओतले आणि मला म्हणाल्या, "रव्याचा डबा वरच्या फळीवर आहे. किती भाजायचा ते सांग."

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे कपडे मी धुवायला काढले. दिराची पँट हातात आली तेव्हा आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं, आणि दोन्ही खिसे उलटे करून शिवणीपर्यंत चाचपले.